राखलेली गोडी : आस्तीच्या फेसाळ वाइनचा एक हंगाम

गोड फेसाळ वाइन म्हटली की ती साखर घालून गोड केलेली असणार, असा समज बाळगूनच मी इटलीच्या पिएमाँते प्रांतात गेले होते. आंबवण्याच्या प्रक्रियांचे शिक्षण घेतलेले असूनही हा समज गेला नव्हता, कारण आम्हाला जे शिकवले गेले ते शॅम्पेनच्या पद्धतीवर बेतलेले होते, आणि तिथे बाटली शेवटी बंद करताना तिच्यात साखरेचे द्रावण खरोखरच घातले जाते. पिएमाँतेतल्या आस्ती परिसराच्या फेसाळ वाइनला ही मुभा नाही. सुगंधी द्राक्षांपासून होणाऱ्या या प्रकारच्या फेसाळ वाइनमध्ये असे द्रावण घालायला युरोपीय नियमांनीच बंदी केलेली आहे. ग्लासातली सगळी गोडी त्या द्राक्षाची, वेलीवर तयार झालेली आणि नंतर, साखर खाऊन तिचे अल्कोहोल करणाऱ्या यीस्टच्या तोंडून काढून घेतलेली असते. कानेल्ली गावाच्या परिसरातल्या एका वाइनरीत हंगामी कामगार म्हणून राहिल्यावर मला दिसत गेले ते हे, की इथे वाइन करण्यापेक्षा ती होता होता थांबवण्यालाच जास्त अक्कल लागते.

आस्ती, कुनेओ आणि आलेस्सांद्रिया या तीन जिल्ह्यांतल्या पन्नासेक गावांच्या हद्दीतच ही द्राक्षे पिकवावी लागतात आणि ती मोस्कातो ब्यांको या पांढऱ्या मस्कत द्राक्षाची असावी लागतात. बेल्बो नदीच्या दोन्ही अंगांना चढत गेलेल्या टेकड्यांवर चुनखडीयुक्त, फिकट पांढुरकी माती आहे, आणि काही उतार इतके तीव्र आहेत की तिथे ट्रॅक्टर चालवणे धोक्याचे ठरते. अशा दक्षिणाभिमुख उभ्या मळ्यांना तिथे ‘सोरी’ म्हणतात. कापणी हाताने होते. ऑगस्टच्या अखेरीस, जेव्हा शेजारच्या टेकड्यांवरची नेब्बियोलो ही काळी द्राक्षे अजून कितीतरी आठवडे वेलीवरच राहणार असतात, तेव्हा मोस्कातोची तोडणी सुरू होते. आमच्या तुकडीतले बरेच जण मूळचे मॅसिडोनियाचे होते, वर्षानुवर्षे त्या भागात स्थायिक झालेले. त्यांचा हात माझ्या दुपटीने चालत असे आणि त्याबद्दल ते मला मनसोक्त हसतही असत.

घड तोडण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पाठ दुखते आणि हात चिकट होतात, एवढेच. पण मणी मात्र लक्ष देऊन खाऊन पाहण्यासारखा असतो. आपल्याकडच्या बिनबियांच्या, लांबट, करकरीत द्राक्षांची सवय असलेल्या माणसाला मोस्कातोचा छोटा, गोल, बियांचा मणी प्रथमदर्शनी सामान्यच वाटतो. ऊन लागलेल्या बाजूला त्याचा हिरवा रंग सोनेरी होतो आणि त्यावर तपकिरी ठिपके येतात. तोंडात घातल्यावर गर आधी गिळून साल तेवढी दातांखाली धरली, की पिकलेले पीच, संत्र्याचा मोहोर आणि सेज नावाच्या औषधी पाल्याचा किंचित उग्र वास असे सगळे एकदम नाकात चढते. हा वास लिनालूल, जेरानिऑल, नेरॉल अशा टर्पीन गटातल्या द्रव्यांचा आहे आणि त्यांचा मोठा साठा सालीत आणि सालीलगतच्या गरात असतो. बहुतेक द्राक्षांच्या वाइनला द्राक्षाचा वास येत नाही, तिला आंबवण्यातून आणि मुरण्यातून आलेले वास असतात. मस्कतच्या वाइनला मात्र थेट द्राक्षाचाच वास येतो. पुढच्या सगळ्या यंत्रसामग्रीचा खटाटोप हा वास आणि ही साखर यांना बाटलीपर्यंत सुखरूप पोचवण्यासाठी असतो.

घड दाट असल्यामुळे मण्यांवर मणी दाबले जातात, एखादा फुटतो, आणि पावसाची एक सर आली तरी आतून बुरशी धरते. त्यामुळे माल उथळ क्रेटमधून, वरचे थर खालच्यांना चेंगरणार नाहीत इतकाच भरून, शक्यतो सकाळच्या गारव्यात वाइनरीत येत असे. दारातच साखरेची मोजणी होई. वाइनरीच्या मुख्य तंत्रज्ञांना, म्हणजे तिथल्या भाषेत ‘एनोलोगों’ना, साखरेइतकीच आम्लाचीही काळजी असे. द्राक्ष फार पिकू दिले तर साखर वाढते, पण आम्ल उतरते. आणि आम्ल उतरलेली गोड वाइन पहिल्या घोटाला छान वाटून दुसऱ्याला नकोशी होते. लवकर तोडण्याचे कारण हेच आहे.

दाबयंत्र म्हणजे आडवे, लांबट, पोलादी पिंप. त्याच्या आत एक रबरी पडदा हवेने हळूहळू फुगतो आणि द्राक्षांना भिंतीवर रेटतो. जोर अगदी बेताचा असतो. बी फुटली किंवा देठ पिळला गेला तर रसात कडूपणा उतरतो आणि असा कडवट रस गोड वाइनमध्ये विशेष बोचतो. खाली येणारा रस पारदर्शक, सोनेरी वगैरे असेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात तो गढूळ, हिरवट-तपकिरी होता आणि त्याच्यावर गांधीलमाश्यांचे थवे घोंघावत होते.

इथून पुढे सगळी घाई सुरू होते. द्राक्षाच्या सालीवरून, क्रेटवरून, माणसांच्या हातांवरून यीस्ट रसात आलेलेच असते, आणि सप्टेंबरच्या उबेत हा रस तसाच ठेवला तर दुसऱ्या दिवशी तो उकळल्यासारखा दिसू लागतो. लाल वाइन करणारे त्या क्षणाची वाट पाहतात. इथे तो क्षण येऊ द्यायचा नसतो. रस नळीतून जाता जाताच थंड केला जातो, त्यात पेक्टिन मोडणारे एन्झाइम मिसळले जाते आणि मग तो निवळवला जातो. आमच्याकडे निवळवण्याची जी रीत होती ती मला सर्वांत मजेशीर वाटली. रसात जिलेटिन आणि बेंटोनाइट ही बारीक माती मिसळून खालून दाबाने नायट्रोजन वायू सोडत. वायूचे सूक्ष्म बुडबुडे गढूळपणाला चिकटून त्याला वर उचलत, आणि गाळ तळाशी बसण्याऐवजी टाकीच्या माथ्यावर तपकिरी सायीसारखा जमून येई. ती साय वर राहते आणि खालून स्वच्छ रस काढून घेता येतो. हा रस पुन्हा गाळून, शून्य अंशाच्या जरा खाली उतरवून, जाड वेष्टणाच्या मोठमोठ्या टाक्यांत साठवला जातो. साखरेमुळे तो तिथे गोठत नाही आणि थंडीमुळे आंबत नाही.

हा साठवलेला रस हाच या धंद्याचा खरा खजिना. कापणी संपून पाने पिवळी पडली, टेकड्यांवर धुके उतरले, तरी तळघरात ऑगस्ट-सप्टेंबरचा रस जसाच्या तसा असतो. वाइन झाली की तिचा सुगंध उतरणीला लागतो, पण थंड रसात तो महिनोन्महिने टिकतो. म्हणून सगळी वाइन एकदम न करता, मागणी येईल तसतसा एकेका टाकीतला रस ऊबेत आणून आंबवतात. मी हिवाळ्यातही तिथे राहिले ते त्यामुळेच. कापणीनंतर हंगाम संपतो असे मला वाटत होते, तर माझ्या दृष्टीने पाहण्यासारखे जे होते ते नंतरच सुरू झाले.

या थंडीची सोय होण्याआधी लोक काय करत असतील, हा प्रश्न मला रोज पडत असे, आणि त्याचे उत्तर फार हुशारीचे निघाले. गोड, सुगंधी, कमी अल्कोहोलची वाइन या भागात जुनीच आहे. सव्हॉय घराण्याचा ड्यूक कार्लो एमान्युएले पहिला याच्या पदरी असलेल्या जोव्हान बात्तिस्ता क्रोचे या जवाहिऱ्याने तूरिनजवळच्या आपल्या मळ्यात अशा वाइनवर प्रयोग केले आणि 1606 मध्ये ते छापूनही ठेवले. पुढे कार्लो गांचा यांनी शॅम्पेन प्रांतातल्या रेंस शहरात राहून तिथली बाटलीत फेस आणण्याची विद्या शिकून घेतली आणि 1865 मध्ये कानेल्लीत ती मोस्कातोला लावली. अडचण अशी होती, की शॅम्पेनमध्ये यीस्ट सगळी साखर संपवून आपोआप थांबते, तर मोस्कातोच्या बाटलीत साखर मुद्दाम शिल्लक ठेवायची असते. साखर आहे आणि यीस्टही आहे म्हटल्यावर दाब वाढत जातो आणि बाटल्या फुटतात. त्यावर उपाय म्हणून कापडाच्या निमुळत्या पिशव्यांतून रस पुन्हापुन्हा गाळत. आंबवण सुरू झाले की यीस्ट वाढते आणि वाढताना रसातला नायट्रोजन शोषून घेते. ते गाळून टाकले, की त्याच्याबरोबर तो नायट्रोजनही गेला. उरलेले थोडे यीस्ट पुन्हा वाढते, पुन्हा गाळायचे. असे करता करता शेवटी रस गोडच राहतो, पण त्यात यीस्टला पोसायला काही उरत नाही. नुसत्या साखरेवर यीस्ट वाढू शकत नाही, हे ज्ञान त्या माणसांनी कापडी पिशवीतून मिळवले होते. एका जुन्या तळघरात अशा पिशव्या आडव्या दांड्याला टांगून ठेवलेल्या मी पाहिल्या आणि आमच्या झगमगीत गाळणयंत्रांबद्दलचा माझा आदर थोडा कमी झाला.

बाटलीऐवजी मोठ्या बंद टाकीतच फेस आणण्याची कल्पना आस्तीच्याच वाइन-संशोधन केंद्राचे संचालक फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी 1895 मध्ये पेटंट करून मांडली. फ्रान्सच्या युजेन शार्मा यांनी 1907 मध्ये तिला अधिक सोयीचे यांत्रिक रूप दिले आणि जगभर नाव बहुधा त्यांचेच घेतले जाते. आस्तीत कुणाशी बोलताना नुसते ‘शार्मा पद्धत’ म्हटले तर समोरचा माणूस तत्काळ ‘मार्तिनोत्ती’ अशी दुरुस्ती करतो. मीही आता ती सवय लावून घेतली आहे.

फेस आणण्याच्या या टाक्यांना तिथे सगळे ऑटोक्लेव्हच म्हणतात. जाड पोलादाच्या, उंच, दोन्ही टोकांना घुमटाकार असलेल्या या टाक्यांच्या भिंतीतून थंड द्रव फिरवण्याची सोय असते आणि अंगावर दाबमापक, तापमापक व नमुना घेण्याचा छोटा नळ असतो. थंड रस सुमारे 18 ते 20 अंशांपर्यंत ऊबेत आणायचा, निवडक यीस्ट वेगळ्या भांड्यात जागे करून त्यात सोडायचे, आणि सुरुवातीला टाकीची वरची झडप उघडीच ठेवायची. आंबवणातून निघणारा कार्बन डायऑक्साइड नळीवाटे बाहेर सोडला जातो. हा वायू हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचतो आणि माणसाला कळायच्या आत बेशुद्ध करतो. त्यामुळे तळघरात वायू मोजणारी यंत्रे लावलेली असत आणि त्यांची शिट्टी वाजली की हातातले काम टाकून बाहेर पडायचे, हा नियम कुणालाही चुकत नसे.

आंबवण इथे सावकाश चालवतात. ते जोरात चालले तर बाहेर पडणारा वायू सुगंधाचा काही भाग आपल्याबरोबर घेऊन जातो आणि दुसरे म्हणजे जोरात पळणारे यीस्ट हव्या त्या ठिकाणी थांबवता येत नाही. माझे काम रोज ठरावीक वेळांना नमुना काढून त्याची घनता पाहण्याचे होते. नळ किंचित उघडला की काचेच्या भांड्यात आधी फेसच फेस येई. तो बसू द्यायचा, मग नमुना खळखळून हलवून त्यातला वायू घालवायचा आणि त्यानंतरच घनतामापक त्यात सोडायचा. वायू राहिला तर त्याचे बुडबुडे मापकाला चिकटून त्याला वर उचलतात आणि साखर आहे त्यापेक्षा जास्त दिसते. हलवून हलवून मनगट भरून येई, पण त्या एका आकड्यावर पुढचा सगळा निर्णय अवलंबून असल्यामुळे त्यात कुचराई चालण्यासारखी नव्हती.

तो निर्णय म्हणजे झडप कधी लावायची हा. एनोलोगोंनी मला त्यामागचा हिशेब एका खपटाच्या तुकड्यावर मांडून दाखवला होता. समजा, रसात लिटरमागे 210 ग्रॅम साखर आहे. अल्कोहोलचा एक टक्का तयार व्हायला सुमारे 17 ग्रॅम साखर खर्ची पडते. सात टक्क्यांवर थांबायचे तर 119 ग्रॅम साखर जाईल आणि 91 ग्रॅम उरेल. ही ग्लासातली गोडी. आता फेसाचे पाहायचे. बंद टाकीत लिटरमागे चार ग्रॅम साखर आंबली की साधारण एक वातावरण इतका दाब चढतो. पाच-सहा वातावरणांचा दाब हवा असेल तर वीस ते पंचवीस ग्रॅम साखर पुरते. म्हणजे खर्च होणाऱ्या 119 ग्रॅमांपैकी जवळजवळ शंभर ग्रॅमांचा वायू हवेत सोडून द्यायचा आणि शेवटच्या पंचवीसेक ग्रॅमांचाच तेवढा कोंडून ठेवायचा. त्यामुळे अल्कोहोल साडेपाच टक्क्यांच्या आसपास आले की झडप लागते. सगळाच वायू पहिल्यापासून कोंडला असता तर दाब टाकीला पेलण्यापलीकडे गेला असता.

झडप बंद झाल्यावर दाबमापकाचा काटा आधी हलतच नाही असे वाटते, कारण निघालेला वायू आधी द्रवात विरघळत असतो. मग तो वर सरकू लागतो आणि नंतर त्याच्यावरून नजर हटवता येत नाही. दोन गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात, अल्कोहोल आणि दाब, आणि दोन्ही एकाच यीस्टच्या हातात असतात. एक जमले आणि दुसरे हुकले तर ते नंतर दुरुस्त करायला फारशी जागा नसते. शॅम्पेन करणाऱ्यांचे श्रम आणि त्यांची वर्षानुवर्षांची प्रतीक्षा मान्य करूनही मला असे वाटते, की हव्या त्या तासाला आंबवण थांबवण्याची ही कसरत तिच्यापेक्षा सोपी मुळीच नाही. आस्तीला ‘वाढदिवसाची स्वस्त वाइन’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा तो काटा चढताना पाहावा.

थांबवण्याचे साधन थंडीच. टाकीच्या भिंतीतून गोठणबिंदूखालचा द्रव फिरू लागतो आणि आतली वाइन शून्याच्या खाली काही अंशांपर्यंत उतरवली जाते. पण एवढी मोठी टाकी बटण दाबताच गार होत नाही. तिला कित्येक तास लागतात आणि त्या तासांत यीस्ट, मंदावत मंदावत का होईना, साखर खातच असते. म्हणून थंडी लक्ष्य गाठल्यावर सुरू करून भागत नाही, गाठण्याच्या आधी सुरू करावी लागते. किती आधी, हे टाकीचा आकार, यीस्टचा जोर आणि त्या दिवशीचा आंबवणाचा वेग यांवर ठरते. आमचे एनोलोगो घनतेचे आकडे आलेखावर मांडत, रेषेचा कल पाहत आणि मग बहुधा रात्री केव्हातरी शीतयंत्र सुरू करायला सांगत. गार होताना दाबमापकाचा काटा पुन्हा खाली येतो. पहिल्यांदा ते पाहून वायू कुठून तरी निसटतो आहे असे मला वाटले, पण तो निसटत नसतो; थंड द्रवात जास्त वायू विरघळतो, म्हणून वरचा दाब उतरतो. त्यामुळे दाबाची तुलना नेहमी 20 अंशांवरच्या आकड्याशी करावी लागते.

थंडीने यीस्ट मरत नाही, निपचित पडते. वाइन पुन्हा ऊबेत आली की ते जागे होईल आणि नव्वद ग्रॅम साखर त्याच्यापुढे वाढून ठेवलेलीच आहे. म्हणून गाळ खाली बसल्यावर वाइन दाबाखालीच दुसऱ्या टाकीत गाळून घेतात. मध्ये कुठेही दाब सुटला तर सगळा फेस गेला, त्यामुळे ज्या टाकीत वाइन जायची तिच्यात आधीच तेवढ्याच दाबाचा वायू भरून ठेवलेला असतो. थंडीत राहिल्यामुळे द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचे क्षारही स्फटिक होऊन टाकीच्या भिंतींना चिकटतात; टाकी रिकामी झाल्यावर आत बॅटरीचा झोत टाकला की त्या भिंती खडीसाखरेचा चुरा फासल्यासारख्या चमकताना दिसत. ते स्फटिक टाकीत पडून गेले नाहीत तर गिऱ्हाइकाच्या फ्रिजमध्ये बाटलीच्या तळाशी पडतात आणि त्याला ती काच वाटते.

बाटल्या भरण्याच्या खोलीत मला सुरुवातीला कुणी जाऊच देत नव्हते. भरण्याआधी वाइन 0.45 मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यातून जाते. यीस्टची पेशी याच्या दहापट तरी मोठी असल्यामुळे ती तिथून पार होऊ शकत नाही. परंतु पडद्यानंतर बाटलीच्या तोंडापर्यंत जेवढी म्हणून नळी, झडप आणि चोच असते ती गरम पाण्याने किंवा वाफेने निर्जंतुक झालेली नसेल, तर त्या गाळण्याचा काही उपयोग नाही. कोरडी वाइन भरताना एखादी चूक खपून जाते, कारण यीस्टला खायला उरलेले नसते. गोड वाइनच्या बाटलीत गेलेल्या मोजक्या पेशीसुद्धा पुढे ढगाळपणा आणतात आणि दाब वाढवतात. रिकामी बाटली यंत्रावर चढली की तिच्यात आधी कार्बन डायऑक्साइड टाकीइतक्याच दाबाने भरतात, मग वाइन शांतपणे, फेस न करता आत उतरते. लगेच बूच, त्यावर तारेची जाळी. प्रत्येक खेपेतल्या काही बाटल्या उबदार खोलीत बाजूला ठेवल्या जात आणि त्या निवळशंख राहिल्याची खात्री झाल्याशिवाय बाकीचा माल बाहेर पडत नसे.

त्याच द्राक्षाची आणखी एक वाइन आमच्याकडे होई, मोस्कातो द’आस्ती. तिच्यात आंबवण आणखी लवकर थांबवतात. अल्कोहोल साडेचार ते साडेसहा टक्के, दाब अडीच बारांपेक्षा (एक बार म्हणजे जवळजवळ एक वातावरण) जास्त नाही, आणि साखर आस्तीपेक्षाही अधिक. दाब कमी असल्यामुळे तिला जाळी लागत नाही, साधे सरळ बूच पुरते, आणि ग्लासात तिचा फेस जिभेला टोचण्याऐवजी नुसता स्पर्श करून जातो. मला विचाराल तर द्राक्षाचा वास हिच्यातच जास्त स्पष्ट येतो. उलट दिशेने, 2017 पासून कमी गोड ‘आस्ती सेक्को’ही नियमांत बसवली गेली आहे, व्यापाराच्या दृष्टीने तिची गरज असेल, पण तिची चव घेताना मला राहून राहून वाटे, की ज्या साखरेसाठी एवढी धडपड करायची तीच शेवटी खर्चून टाकण्यात काय हशील आहे. तळघरातले जुने लोक याबाबत माझ्याहून कडवट बोलत.

बाटलीच्या गळ्यावर सरकारी टांकसाळीत छापलेली क्रमांकाची पट्टी चिकटवली जाते, कारण 1993 पासून या वाइनला इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळालेला आहे आणि प्रत्येक बाटलीचा हिशेब लागावा लागतो. 1932 मध्ये स्थापन झालेल्या उत्पादक संघाचे चिन्ह, घोड्यावर बसलेले आस्तीचे ग्रामसंत सान सेकोंदो, तेही लेबलवर दिसते. सुटीच्या दिवशी मी कानेल्लीतली जुनी भुयारी तळघरे पाहून आले. टेकडीच्या पोटात लांबच लांब गेलेल्या, विटांच्या उंच कमानींच्या या तळघरांना तिथे ‘भूमिगत कॅथेड्रल’ म्हणतात. 2014 मध्ये आसपासच्या द्राक्षमळ्यांसह त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. वर्षभर एकसारखे तापमान ठेवणारी ती वास्तू थक्क करते खरी, पण आस्तीचे बहुतेक काम आता तिथे होत नाही. ते आमच्यासारख्या, बाहेरून दुधाच्या डेअरीसारख्या दिसणाऱ्या, पन्हळी पत्र्याच्या इमारतींत होते.

ख्रिसमसच्या आधी कामाचा जोर सर्वांत जास्त असतो, कारण इटलीत पानेत्तोने हा सणाचा गोड पाव याच वाइनबरोबर खाण्याची पद्धत आहे. हिला मुरवून ठेवण्यात मात्र शहाणपणा नाही. बाटलीत लिनालूलचे हळूहळू दुसऱ्या, फारसा वास नसलेल्या द्रव्यात रूपांतर होत जाते. गोडी आणि फेस राहतात, पण मोहोराचा वास ओसरून मधासारखा जडपणा येतो. मोस्कातो द’आस्तीच्या लेबलवर कापणीचे साल असते, ते पाहून अलीकडचीच बाटली घ्यावी. आस्तीवर ते बहुधा नसते, तेव्हा जिथे माल लवकर खपतो अशा ठिकाणाहूनच ती विकत घ्यावी आणि घरी आणल्यावर कपाटात जपून न ठेवता सहा-आठ अंशांपर्यंत गार करून लवकर संपवावी. मी निघाले तेव्हा मार्च महिना होता, रसाच्या काही टाक्या अजून भरलेल्या होत्या आणि ईस्टरच्या मागणीसाठी त्यांतली एक ऊबेत आणायला नुकतीच सुरुवात झाली होती.